जुनी जीपगाडी : दुरुस्ती आधी, सुधारणा नंतर

जिंतूर तालुक्यात कोठे डोंगराळ वाटा, तर कोठे काळी चिकण जमीन. पावसाळ्यात आडमार्गाच्या शेतावर जाण्यास चारही चाकांना जोर देणारी जीपगाडी उपयोगी पडते. महिंद्रा कंपनीने १९४७ साली विलिस जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. १९५२ साली सामुदायिक विकास योजना आली व विकास गटांच्या कामातून ही गाडी खेडोपाडी परिचित झाली. त्या घराण्यातील जुन्या गाड्या आजही काही शेतकरी बाळगून आहेत.

अशी गाडी हाती आली की रुंद टायर, जादा दिवे व नवा रंग यांकडे प्रथम मन धावते. परंतु जी गाडी वेळेवर थांबत नाही, तिला नटविणे व्यर्थ होय. म्हणून पहिला पैसा ब्रेक व स्टिअरिंग यांवर खर्च करावा.

ब्रेक : ड्रम उघडल्यावर आतील धूळ फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांस घातक आहे. धूळ ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑईलऐवजी इंजिनाचे ऑईल कदापि घालू नये. त्याने रबरी भाग फुगून ब्रेक निकामी होतो. नळीतील हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून हवा जाऊ द्यावी व पेडल सोडण्यापूर्वी निपल आवळावा. ओढा ओलांडल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक लावीत जावे, म्हणजे ड्रम वाळतात.

स्टिअरिंग : पुढील चाक उचलून वर-खाली हलवावे. खडखड आढळल्यास बेअरिंग किंवा किंगपिन झिजले असे समजून कारागिरास दाखवावे.

ग्रीस व ऑईल : चिखलातून आल्यावर गाडी खालून धुवावी. निपलमधून जुने, मातकट ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे. गिअर ऑईल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. ते बदलून सीलही तपासावे.

चारचाकी जोर : जुन्या जीपमध्ये तो चिखलात किंवा सैल जमिनीवरच लावावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची व मागची चाके वळणावर सारखी फिरत नाहीत. त्यामुळे गिअर व शाफ्टवर ताण येतो.

दोन गोष्टी विसरू नयेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चाकांना अडण लावून सांगाड्यास भक्कम घोडे द्यावेत. तसेच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. इंजिन बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी.

ग्रामसेवक बंधूंनी ही माहिती गावोगावी समजावून द्यावी. जीपमध्ये बियाणे व खताबरोबर घरची माणसेही बसतात, हे ध्यानी ठेवून पेरणीपूर्वीच ब्रेकची तपासणी उरकावी.