काचपेटीतला समुद्र
अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याने दिवाणखान्यात जिवंत प्रवाळांची काचपेटी थाटली आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, प्राणी. त्याच्या अंगातले सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न करून त्याला पोसते. बँकेत माझी हयात रोजकीर्द जुळवण्यात गेली. पुतण्याचेही आता तेच! लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, पाणी २५-२६ अंश. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्र अंश-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसाच राहिला, की शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते. पेटीला थंडाव्याचे यंत्र आहे. मालवणच्या प्रवाळांना ते कोण लावणार? २००१ साली आपण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे कवच दिले. पण कायद्याने पाणी थंड होत नाही. ही उधारी आपल्याच खाती आहे.