पोकळीचे सामर्थ्य

विजेचा दिवा लावणे हे लहान मुलासही साधते. परंतु वाहती वीज थांबविणे हे सोपे काम नव्हे. घरातील बटण बंद करताना आत क्षणभर निळसर ठिणगी चमकते, ती आपण कधी अंधारात पाहिली असेल. ती ठिणगी म्हणजे विजेचा हट्टच होय. भरधाव मालगाडी ब्रेक लावताच जागच्या जागी थबकत नाही, त्याप्रमाणे तारांतून व यंत्रांच्या वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाहही वाट तुटताक्षणी थांबत नाही. तो मधल्या हवेतून उडी मारून आपला मार्ग चालू ठेवू पाहतो. घरच्या २३० व्होल्टच्या विजेची ही उडी इवलीशी असते. तथापि २५ हजार व्होल्टच्या तारेवर हाच प्रकार घडला, तर धातू वितळविणारी प्रखर ज्योत उभी राहते. तिला ‘आर्क’ असे म्हणतात. ही ज्योत विझवावी कशी, या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर आज आपल्या विरार लोकलच्या छपरावर बसविलेले आहे. ते उत्तर म्हणजे जवळजवळ संपूर्ण पोकळी असलेली एक बंद कुपी. तिची रचना समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या रेल्वेचा थोडा इतिहास पाहू. हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत धावली. १९२८ साली पश्चिमेकडील मार्गावर विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली, आणि १९३६ साली वसईची खाडी ओलांडून ती विरारपर्यंत पोहोचली. त्या काळी तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे. पुढे विरारच्या उत्तरेस २५ हजार व्होल्टचा उलटसुलट प्रवाह आला, व कित्येक वर्षे विरार हे या दोन प्रकारच्या विजांच्या संगमाचे ठिकाण होऊन राहिले. २०१२ साली चर्चगेटपर्यंतचा सारा मार्ग २५ हजार व्होल्टवर गेला.

या दोन प्रवाहांत आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा भेद आहे. एकदिश प्रवाह हा भरल्या नदीसारखा अखंड वाहतो. तो आपण होऊन कधीच शून्यावर येत नाही. म्हणून तो तोडावयाचा तर चुंबकाच्या बळाने ज्योत बाजूस खेचून, लांबवून, थंड करून विझवावी लागते. उलटसुलट प्रवाहाचे तसे नाही. आपल्या देशात तो सेकंदास ५० आवर्तने करतो, आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदास १०० वेळा, शून्यावर येतो. प्रत्येक शतांश सेकंदास ज्योत क्षणभर आपोआप मावळतेच. म्हणून ब्रेकरचे काम ज्योतीशी कुस्ती खेळण्याचे नसून, मावळलेली ज्योत पुन्हा पेटू न देण्याचे आहे. परंतु हेच कठीण. ज्योतीच्या जागी उरलेली तप्त हवा अजून विद्युद्वाहक असते, आणि तिकडे तारेचा दाब पुन्हा वेगाने चढत असतो. दाब आधी चढला तर ज्योत पुन्हा पेटते. फटीतील जागा आधी निर्मळ झाली तर प्रवाह कायमचा तुटतो. ही शर्यत लाखांश सेकंदांत संपते.

ही शर्यत जिंकण्यासाठी अभियंत्यांनी पूर्वी कॉन्टॅक्ट तेलात बुडविले, किंवा ज्योतीवर दाबलेल्या हवेचा झोत सोडला. हे उपाय उपयोगी होते. परंतु तेल पेट घेऊ शकते, ते वरचेवर बदलावे लागते, आणि हवेच्या झोतासाठी पंप, टाकी व झडपा सांभाळाव्या लागतात. तेव्हा असा विचार पुढे आला की, ज्योतीला पोसणारे काही ठेवूच नये.

हवेत वायूचे कण इतके दाट असतात की, कोणताही कण मिलिमीटरचा दहा-हजारावा भागही न टक्करता जाऊ शकत नाही. या टकरांतूनच नवे विद्युत्कण जन्मास येतात व हवा वीज वाहू लागते. कुपीतील हवा उपसून तिचा दाब बाहेरच्या वातावरणाच्या एक कोट्यंशाहूनही कमी केला, तर उरलेल्या कणास दुसरा कण गाठण्यापूर्वी हातभर अंतर कापावे लागेल; आणि कॉन्टॅक्टमधील फट तर जेमतेम सेंटिमीटरभर असते! टक्कर व्हावयाची तरी कोणाशी? म्हणूनच ११ हजार व्होल्टच्या कामासाठी बनविलेल्या कुपीतील ८ ते १० मिलिमीटरची फट ७५ हजार व्होल्टचा क्षणिक तडाखाही सोसते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, पोकळीत काहीच नाही तर तेथे ज्योत पेटते तरी कशी? ज्योत पेटते ती कॉन्टॅक्टच्याच धातूच्या वाफेवर. कॉन्टॅक्ट विलग होत असता, शेवटच्या स्पर्शबिंदूपाशी धातू वितळून त्याची वाफ होते व तीच क्षणभर प्रवाह वाहून नेते. परंतु प्रवाह शून्यावर येताच नवी वाफ निघणे बंद होते, आणि जुनी वाफ आसपासच्या थंड धातूवर दहिवरासारखी बसून जाते. जागा पुन्हा रिकामी! ज्योतीने स्वतःचे सरपण स्वतःच आणले, आणि ते संपताच ती विझली.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सोरेन्सन व मेंडेनहॉल या दोघांनी असे प्रयोग करून १९२६ साली ते प्रसिद्ध केले. तथापि मोठ्या सामर्थ्याचा निर्वात ब्रेकर जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जाहीर केला तो १९६२ साली. मध्ये छत्तीस वर्षे का गेली? तत्त्व सापडले होते. पण ते तत्त्व वर्षानुवर्षे टिकवून धरणारे भांडे घडविता येत नव्हते. धातूच्या अंगात मुरलेले वायू ज्योतीच्या उष्णतेने बाहेर पडत व पोकळी नासून जाई. आणि सांध्यांतून हवा हळूहळू आत शिरे. शास्त्रज्ञाची कल्पना कारागिराच्या हाताची वाट पाहत थांबली, असेच म्हणावे लागते.

आता त्या कुपीच्या अंतरंगात डोकावू. बाहेरून ती पांढऱ्या चिनी मातीच्या जाड नळकांड्यासारखी दिसते. दोन्ही टोकांस धातूची झाकणे असून, ती निर्वात भट्टीत डाखून बसविलेली असतात. आत समोरासमोर दोन कॉन्टॅक्ट असतात. एक स्थिर व दुसरा सरकता. ते बहुधा तांबे व क्रोमियम यांच्या मिश्रणाचे करतात. तांबे वीज उत्तम वाहते. क्रोमियम कॉन्टॅक्टची झीज कमी करते, ते एकमेकांस घट्ट चिकटू देत नाही, व मोकाट वायू शोषूनही घेते. कॉन्टॅक्टच्या तोंडावर तिरप्या खाचा पाडलेल्या असतात. त्यांतून वळण घेणारा प्रवाह स्वतःच चुंबकीय बल निर्माण करून ज्योतीस गरगर फिरवितो, जेणेकरून ती एकाच जागी बसून धातू जाळणार नाही. भोवती धातूचे एक कवच असते; उडालेली वाफ त्यावर बसते, आणि चिनी मातीची भिंत स्वच्छ राहते.

परंतु या साऱ्या रचनेतील खरे कोडे वेगळेच आहे. आतला कॉन्टॅक्ट बाहेरून हलवावयाचा, आणि हवेचा एक कणही आत जाऊ द्यावयाचा नाही, हे कसे साधावे? याचे उत्तर आपणांस चर्चमधील पेटी वाजविणारा सांगेल. पेटीचा भाता हलतो, मिटतो, उघडतो. परंतु त्याच्या घड्यांतून वारा निसटत नाही. कुपीतही पातळ पोलादी पत्र्याचा, घड्याघड्यांचा, असाच एक भाता असतो. त्याचे एक टोक झाकणास व दुसरे सरकत्या दांड्यास जोडलेले असते. दांडा मागेपुढे होतो तसतसा भाता आखडतो व पसरतो. हा भाता मोठा नाजूक. त्यास पीळ पडला तर तो फाटेल. म्हणून दांडा फिरू नये, सरळच सरकावा, यासाठी खास मार्गदर्शक बसवितात. त्याची हालचाल जितकी थोडी, तितके त्याचे आयुष्य अधिक. पोकळीस सेंटिमीटरभर फट पुरते, म्हणूनच असा भाता वापरणे शक्य झाले. आणि पातेही दहा हजार ते तीस हजार वेळा उघडमीट सोसते.

कुपीच्या बाहेर स्प्रिंगा व तरफा यांची यंत्रणा असते. तिच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. पहिली, मिटलेले कॉन्टॅक्ट घट्ट दाबून धरणे. कोठे तारेस तार लागून प्रचंड प्रवाह वाहू लागला, की स्पर्शबिंदूपाशी उत्पन्न होणारे चुंबकीय बल कॉन्टॅक्टना एकमेकांपासून दूर लोटू लागते. ते किंचित जरी विलग झाले, तरी मध्ये ज्योत पेटून ते वितळतील. म्हणून २५ हजार अँपिअरचा असा प्रवाह सोसणाऱ्या कुपीवर सुमारे २०० किलो वजनाइतका दाब स्प्रिंगेने ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट, वेगाने उघडणे. दांडा सेकंदास सुमारे एक मीटर या गतीने सरकतो, म्हणजे सेंटिमीटरभर फट शतांश सेकंदात पुरी होते. शिवाय यंत्रणा थोडी धाव घेऊन मगच दांड्यावर आघात करते. कॉन्टॅक्ट जरासे चिकटले असले, तरी या हातोड्यासारख्या ठोक्याने ते सुटतात. तिसरी गोष्ट, मिटताना न उसळणे. टाकलेला चेंडू जसा उसळतो तसा कॉन्टॅक्टही उसळू पाहतो, आणि प्रत्येक उसळीस एक लहान ज्योत पेटते. ती उसळी दोन सहस्रांश सेकंदांहून अधिक टिकू नये, अशा बेताने सारे वजन व साऱ्या स्प्रिंगा जुळवितात. सारांश, ज्योत पोकळी विझविते हे खरे. परंतु पोकळीस तिचे काम करू देणारी ही यंत्राची शिस्त होय.

अशा कुप्या आपल्या देशात, बंगळूर येथे भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, तसेच आपल्या महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथेही तयार होतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

लोकलच्या छपरावर, पेंटोग्राफच्या नजीक, असाच ब्रेकर असतो. रेल्वेच्या लगतच्या दोन वीजकेंद्रांचा पुरवठा विजेच्या निरनिराळ्या फेजवरून घेतलेला असतो. त्या दोन तारा एकमेकींस लागू नयेत म्हणून मध्ये थोडी निर्जीव तार ठेवतात. ती येण्यापूर्वी ब्रेकर उघडावा लागतो व ती ओलांडल्यावर मिटावा लागतो. प्रवासात पंखे क्षणभर मंदावून पुन्हा फिरू लागतात, ते पुष्कळदा याच कारणाने. हे काम दिवसातून कितीदा तरी करावे लागते. म्हणून रेल्वेच्या ब्रेकरकडून लाखांच्या घरात उघडमीट अपेक्षिलेली असते.

अधिक उंच दाबाच्या तारांवर मात्र आजवर सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूच्या ब्रेकरचे राज्य आहे. कारण फट वाढविली तरी पोकळीची सहनशक्ती त्याच प्रमाणात वाढत नाही. परंतु हा वायू पृथ्वीचे तापमान वाढविण्यात, वजनास वजन, कर्बद्विप्राणिलाच्या सुमारे २४ हजार पट समर्थ आहे. म्हणून युरोपीय संघाने २०२४ साली नियम करून, २४ हजार व्होल्टपर्यंतच्या नव्या ब्रेकर-संचांत त्याचा वापर, काही अपवाद सोडून, १ जानेवारी २०२६ पासून बंद केला. रिकाम्या कुपीस आता अधिक उंच पायऱ्या चढावयाच्या आहेत, आणि ते काम करणारे अभियंते कदाचित आज आपल्याच वर्गांत बसले असतील.

शेवटी पालकांस व विद्यार्थ्यांस एक कळकळीची सूचना करावयाची आहे. पावसाळ्यात आपल्या वाड्यांतून माड कोसळतात, तारा तुटतात, आणि ‘लाईन ट्रिप झाली’ असे आपण म्हणतो. म्हणजे सबस्टेशनातील ब्रेकरने आपले काम केले. परंतु त्यावर भिस्त ठेवून तुटलेल्या तारेपाशी जाऊ नये. तार कोरड्या वाळूवर किंवा पाचोळ्यावर पडली, तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका थोडा असू शकतो की, ब्रेकरला दोष घडल्याचे कळतच नाही, व तार जिवंतच राहते. आणि ब्रेकर उघडला असला, तरी पुरवठा परत आणण्यासाठी तो पुन्हा मिटला जाण्याचा संभव असतो. मेलेली तार एका क्षणात जिवंत होते. शिवाय कुपीतील पोकळी शाबूत आहे की नाही, हे बाहेरून डोळ्यांस दिसत नाही. म्हणूनच जाणता वायरमन नुसता ब्रेकर उघडून कामास हात घालीत नाही. तो तार उघड दिसेल अशी वेगळी तोडतो, ती मृत असल्याची परीक्षा करतो, तिला जमिनीशी जोडतो, आणि मगच खांबावर चढतो. आपण तर तुटल्या तारेपासून निदान दहा मीटर दूर राहावे, मुलांस व गुरांस दूर ठेवावे, आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर त्वरित कळवावे. तार मेली आहे असे ज्यास वाटते, त्याने ती जिवंत आहे असे समजूनच वागावे. यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे.