रंग कुठून सांडला?

“बाई, रंग सांडला!”

संगणकाच्या तासाला ही हाक हमखास येते. चौथीतल्या मुलाने पेंटमध्ये आंबा काढलेला असतो. बादली निवडून तो आंब्याच्या आत क्लिक करतो आणि आंब्यासकट सगळं पान पिवळं होतं. कागदावर असं कधीच झालेलं नसल्यामुळे तो बावरतो.

बादलीचं काम साधं आहे. क्लिक केलेल्या ठिपक्याला ती नवा रंग देते, मग त्याला लागून असलेल्या, आधी त्याच रंगाच्या ठिपक्यांना, मग त्यांच्या शेजाऱ्यांना. वेगळ्या रंगाची रेघ आडवी आली तरच ती थांबते. रेघेत एका ठिपक्याएवढी फट राहिली, तरी रंग तिथून बाहेर पडतो.

ती फट मी दाखवत नाही. कंट्रोल-झेड दाबून मागे यायचं, भिंग घ्यायचं आणि देठापासून रेघेवरून मुंगीसारखं चालत जायचं, एवढंच सांगते. चित्र आठपट मोठं केलं की गोल रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. परवाच्या आंब्यात फट चोचीपाशी निघाली. तिथे त्याने माऊस उचलून पुन्हा टेकवला होता. एका संगणकावर दोघं बसतात. शेजारच्या मुलीने आधी पडद्यावर बोट ठेवलं, त्याने पेन्सिलीचा एक ठिपका दिला. या वेळी रंग आतच राहिला. बंद आकृती आणि उघडी आकृती यांतला फरक त्या दिवशी फळ्यावर समजावावा लागला नाही.

पहिली-दुसरीसाठी मी टक्स पेंट वापरते. बिल केंड्रिक यांनी 2002 साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. चित्र जपताना ते फाइलचं नाव विचारत नाही, त्यामुळे लिहायला शिकत असलेलं मूल अडत नाही. त्यात तयार शिक्के आहेत. ते हाताशी असले की मुलं फुलं-प्राणी उमटवत सुटतात आणि काढायचं राहून जातं. म्हणून सुरुवातीचे काही तास मी सेटिंगमध्ये जाऊन शिक्के बंद ठेवते.

तुमच्या वर्गात रंग सांडला, तर माऊस स्वतःच्या हातात घेऊ नका. पाच मिनिटं जास्त जातील, ती जाऊ द्या. फट मुलांनाच शोधू द्या.