राधानगरी परिसरातील कौटुंबिक तंबूमुक्काम

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात पर्यटक कुटुंबासह तंबूत मुक्काम करतात. हे अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथे मुक्कामाची जागा निवडताना सोयीइतकाच विचार जमिनीची कायदेशीर स्थिती, गव्यांच्या वाटा आणि पावसाचे स्वरूप यांचा करावा लागतो.

पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थानच्या काळात दाजीपूरचे जंगल शिकारीसाठी राखीव होते. १९५८ मध्ये ते गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाले. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांमध्ये राधानगरीचा समावेश आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर बांधण्यास घेतलेल्या राधानगरी धरणाचा जलाशय याच परिसरात आहे. देवगड-निपाणी मार्ग राधानगरी व दाजीपूरवरून फोंडा घाटाकडे जातो.

कायदेशीर स्थिती

राधानगरी हे राष्ट्रीय उद्यान नसून अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यानात खासगी हक्क व गुरेचराई यांना सहसा वाव नसतो. अभयारण्यात मात्र गावे, शेती व काही पारंपरिक हक्क टिकून राहू शकतात. त्यामुळे अभयारण्याची हद्द जमिनीवर सहज ओळखू येत नाही आणि एखादे मोकळे माळरान वनक्षेत्रात मोडत असण्याची शक्यता असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी पर्यटकाला परवाना आवश्यक असतो. अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा जळता ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणून मुक्काम वनविभागाने ठरवून दिलेल्या ठिकाणी किंवा हद्दीबाहेरील गावाच्या खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने करणे योग्य ठरते. व्यावसायिक तंबूनिवासाच्या बाबतीत जागा नेमकी कोणत्या हद्दीत येते आणि आवश्यक परवानग्या आहेत का, याची चौकशी आरक्षणापूर्वी करावी.

जागेची निवड

परिसरात जांभ्या खडकाची सपाट पठारे असून त्यांना स्थानिक भाषेत ‘सडा’ म्हणतात. दृश्य विस्तीर्ण असल्याने सडा मुक्कामाला आकर्षक वाटतो. परंतु त्यावर मातीचा थर पातळ असल्याने तंबूच्या खुंट्या नीट रोवल्या जात नाहीत, वाऱ्याला आडोसा नसतो आणि विजेपासून संरक्षण मिळत नाही. शिवाय सडे ही गव्यांची चरण्याची ठिकाणे आहेत.

पाणवठ्याचा काठही टाळावा. गवे मुख्यतः पहाटे व सायंकाळनंतर चरतात आणि पाण्यावर येतात. प्रौढ नराचे वजन ६०० किलोग्रॅमहून अधिक असते. वाट अडली किंवा बिथरला तर तो हल्ला करू शकतो. वासरू असलेला कळप विशेष सावध असतो. पायवाटेवरील खुरांचे ठसे व ताजे शेण ही गव्यांच्या ये-जा करण्याच्या खुणा होत. अशा वाटेपासून दूर, वस्तीजवळ आणि वाहन पोहोचेल अशी जागा लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी अधिक सुरक्षित असते. वाळलेल्या किंवा पोकळ झाडाखाली तंबू लावू नये.

हंगाम

पावसाळ्यात येथे अतिवृष्टी होते आणि अभयारण्य पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे जलाशय भरल्यावर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्यामुळे या काळात धरणाखालील नदीपात्र धोक्याचे असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कुटुंबासाठी सर्वांत सोयीचा असला, तरी रात्री थंडी पडते. मार्च ते मे या काळात गवत वाळल्याने वणव्याचा धोका वाढतो व वळिवाच्या पावसात विजा पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर येथे काजवे मोठ्या संख्येने दिसतात. त्यांचे मीलन प्रकाशाच्या संकेतांवर अवलंबून असल्याने तंबूबाहेरील प्रखर दिव्यांमुळे त्यात अडथळा येतो.

मुक्कामातील दक्षता

उघडे अन्न व खरकटे यांकडे माकडे, रानडुकरे आणि अस्वले आकर्षित होतात. अन्न बंद डब्यात ठेवावे आणि कचरा परत न्यावा. तंबूला शिवलेला तळ व बंद होणारे दार असावे, कारण त्यामुळे साप व विंचू आत येण्याची शक्यता कमी होते. सर्पदंश झाल्यास जखम कापणे वा आवळून बांधणे टाळून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. त्यामुळे जवळचे उपचारकेंद्र आणि तेथपर्यंतचा रस्ता मुक्कामाआधीच माहीत असावा.

स्थानिक समाजाशी संबंध

गवे शेतात शिरून पिकांचे नुकसान करतात, त्यामुळे अभयारण्याचा भार प्रथम काठावरील शेतकऱ्यांवर पडतो. गावातील घरगुती भोजन, वाटाडे व जागेचे भाडे यांतून मिळणारे उत्पन्न हा त्या भाराचा काही अंशी मोबदला ठरतो. गव्यांच्या चालू हालचालींची माहितीही बहुधा गावकऱ्यांकडूनच मिळते. त्यामुळे गावाच्या सहभागाने चालणारा मुक्काम कुटुंबाची सुरक्षितता आणि वन्यजीवांचे संरक्षण या दोन्ही दृष्टींनी हितकारक असतो.