संत्र्याचा मध : नाव लावायचे तर पुरावा हवा

डिसेंबरात पाणी तोडून ताण दिलेल्या वरूड-मोर्शीच्या संत्राबागा जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराने फुटतात. संत्र्याच्या फुलात मकरंद भरपूर, पण नागपुरी संत्र्याला २०१४ साली मिळालेले भौगोलिक मानांकन फळाचे आहे, मधाचे नाही. मधालाही झाडाचे नाव लावून भाव मिळवता येईल. मात्र ते नाव प्रयोगशाळेत टिकले पाहिजे. न्यूझीलंडने तेच केले. तिथून निर्यात होणाऱ्या मानुका झाडाच्या मधाला २०१८ पासून चार रसायने आणि एक डीएनए खूण अशा पाच कसोट्या लागतात. यावर हमखास आक्षेप येतो की मधमाशी काही बांध पाळत नाही, मग एकाच झाडाचा मध कुठून? खरे आहे, पण मुद्दा निव्वळपणाचा नाही, प्राबल्याचा आहे. एका फेरीत माशी सहसा एकाच जातीची फुले धरते. पेट्या ऐन बहारात आणून चौकटीतली घरे मेणाने बंद होताच मध काढला, तर तो बराचसा संत्र्याचाच असतो. घाईने कच्चा काढला तर पाणी वीस टक्क्यांच्या मर्यादेवर जाते आणि मध आंबतो. नुसते परागकण मोजूनही भागत नाही, कारण लिंबूवर्गीय मधात ते मुळातच कमी सापडतात. मिथाइल अँथ्रॅनिलेट हे त्या फुलाच्या वासाचे रसायनही तपासावे लागते.

मध घातलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत मात्र जाहिरातीवर फार विसंबू नये. साबणातल्या कॉस्टिकने मधातली साखर करपते. रंग येतो, गुण फारसा उरत नाही. मध ओलावा धरतो, म्हणून क्रीममध्ये त्याला अर्थ आहे. ओठांच्या मलमात तो तेलात सहज मिसळत नाही. तिथे खरे काम मेणाचे. पोळ्याच्या टोप्या कापून निघणारे हे मेण स्वच्छ गाळून वेगळे विकावे.

झाडाच्या नावाने मध विकण्यातली खरी अडचण फवारणीची आहे. बहार आणि नवती बरोबरच येतात, नवतीवर सिट्रस सिला ही कीड येते, आणि त्यावरची इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम ही औषधे माशीला घातक आहेत. ती मधातही उतरू शकतात, आणि मग झाडाचे नाव सिद्ध होऊनही माल परत येईल. म्हणून बागायतदारांनी झाडात भिनणारी ही औषधे बहाराच्या तोंडावरही टाळावीत, बाकीची फवारणी फुले उमलण्याआधीच आटोपावी, आणि तारीख पेटीवाल्याला आधी कळवावी.