आजारी कोंबडी आणि खुराड्यातली दादागिरी

कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसली की आमच्या कोकणातल्या घरांत पहिला आवाज उठतो, "अगं, मुर्दार व्हायच्या आत सुरी फिरवा!" यात निर्दयपणा नसतो, हलाल जिन्नस वाया जाऊ नये एवढीच काळजी असते. गेल्या पावसाळ्यात आमची कबरी अशीच बसली तेव्हा अम्मींनीही तेच सांगितले. पण धाकटी लेक खुराड्याच्या दाराशी ठाण मांडून बसली. मांजरीला उपाशी कोंडून मारणाऱ्या बाईबद्दलची हदीस तिने मकतबमध्ये नुकतीच ऐकली होती. तिच्यापुढे अम्मींचे काही चालले नाही आणि सुरी फळीवर परत गेली.

कबरीला उचलले तर हाताला नुसती पिसेच लागली. छातीचे मधले हाड धारेसारखे टोचत होते, तुरा फिका पडला होता. पिसांच्या आड कोंबडी किती वाळली ते दिसत नाही. तेव्हापासून आम्ही आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडी हातात घेऊन चाचपतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विष्ठा तपासून जंत असल्याचे सांगितले आणि सगळ्याच कोंबड्यांना जंताचे औषध दिले. मग त्यांनी विचारले, "तुम्ही दाणे टाकता तेव्हा ही कुठे असते?"

आम्हाला सांगता येईना. शाळेत कोणता मुलगा डबा न खाता बसतो हे आमच्या लगेच लक्षात येते, पण परसातल्या सात कोंबड्यांकडे आम्ही कधी तसे पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहिले. भांडे एकच, त्यावर मोठी लाल कोंबडी उभी. बाकीच्या तिच्या आजूबाजूने खात होत्या आणि कबरी पुढे आली की डोक्यावर टोच बसत होती.

नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि 1921 च्या सुमारास हा 'टोचण्याचा क्रम' अभ्यासकांपुढे मांडला. कोणी कोणाला टोचायचे हे कळपात ठरलेले असते. एकदा ठरले की रोजची भांडणे टळतात, त्यामुळे हा क्रम मोडायला जाऊ नये. घात होतो तो जागा आणि भांडी कमी पडली की. पावसामुळे आमच्या कोंबड्या दिवसदिवस कोंडलेल्या होत्या, त्यात बकरी ईदनंतर दोन नव्या तलंगा आणून सोडल्या होत्या. कबरी शेवटच्या पायरीवर गेली, तिचे पोट भरेना, आणि जंतांनी तिला आणखी पोखरले.

मग आमच्या हातून मोठी चूक झाली. कबरीला आम्ही आठ दिवस स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला ठेवले. गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेले पाणी, मऊ भात, उकडलेले अंडे. ती सावरली, आणि आम्ही भर सकाळी तिला थेट कळपात सोडले. आठ दिवस नजरेआड राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी वाटते. घटकाभरात तिची मान रक्ताळली. लाल रंग दिसला की ज्या एरवी टोचत नाहीत त्याही टोचायला धावतात. लेक दिवसभर आमच्याशी बोलली नाही.

जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन हळद आणि खोबरेल लावले. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पाहायचे. या वेळी कबरीला परसातच, पडवीच्या कोरड्या कडेला बांबूच्या डालग्याखाली ठेवले. बाकीच्या तिला पाहत होत्या, पण त्यांची चोच पोहोचत नव्हती. उलट लाल कोंबडीलाच चार दिवस वेगळे कोंडले. दादागिरी करणारी काही दिवस बाहेर राहून परतली की तिचा तोरा उतरतो, आणि हे औषध फुकटचे आहे. मान भरून आल्यावर एका रात्री, मगरिबनंतर अंधार पडला तेव्हा कबरीला हळूच बसायच्या काठीवर नेऊन ठेवले. कोंबड्यांना अंधारात दिसत नाही. सकाळी ती त्यांच्यातच उठली. थोडी टोचाटोची झाली, पण रक्त आले नाही.

आता दाण्याची तीन भांडी आहेत, एकाजवळून दुसरे दिसू नये अशी ठेवलेली, आणि पाण्याची दोन. काठीही एक वाढवली. जवळा निवडताना पडणारी चुरी आम्ही फेकत नाही. पिसे प्रथिनांचीच बनतात, आणि प्रथिने कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात.

पण सगळेच आजार असे घरी निभावत नाहीत. मान मुरडली, पाय लुळे पडले, एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या, तर ती मानमोडी असू शकते. अशी कोंबडी घाईने जबह करून खाऊ नये, शेजारी वाटू नये, बाजारात तर नेऊच नये. डॉक्टरांना कळवावे आणि मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. यावर इलाज नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लासोटाचा थेंब द्यावा लागतो. आजारी कोंबडीचे खाणेपिणे सर्वांत शेवटी करावे आणि लगेच साबणाने हात धुवावेत, घरात लहान मुले असतात.

कबरी अजूनही शेवटच्याच पायरीवर आहे. पण तिसऱ्या भांड्यावर ती पोटभर खाते. परत आल्यावर तिने पहिले अंडे घातले तेव्हा औषधानंतर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले नव्हते. अम्मींनी हळहळत ते पुरून टाकले. दुसरे मात्र लेकीने उकडून खाल्ले, आम्हाला विचारलेसुद्धा नाही.