पानाच्या काठावरचा धागा

महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात बांधावर कुंपण म्हणून लावली जाणारी घायपात, जिला अनेक ठिकाणी केकताड म्हणतात, ती मूळची अमेरिका खंडातील असली तरी मराठी शेतीत ती पूर्णपणे रुजली आहे. तिची पाने कुजवून, बडवून आणि धुऊन काढलेला वाख वळला की त्यातून दावी, कासरे आणि चऱ्हाटे तयार होत. याच अगेव्ह प्रजातीत काही छोट्या, शोभेच्या जाती अशा आहेत की त्यांच्या पानांच्या दोन्ही कडांवरून पांढरे, कुरळे धागे सुटलेले दिसतात. पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी हा वाखच बाहेर डोकावतो आहे असे वाटते. परंतु वाख आणि हा धागा यांची घडण मुळातच वेगळी आहे, आणि हा फरक नीट समजला की या जाती ओळखणे आणि वाढवणे दोन्ही सोपे होते.

वाख हा पानाच्या पोटातला असतो. पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या जुडग्यांना आधार देणारे ते चिवट तंतू होत, आणि पानाचा गर नाहीसा केल्याखेरीज ते हाती लागत नाहीत. शोभेचा धागा मात्र पानाच्या काठाचा असतो. बहुतेक घायपातींच्या पानांना काटेरी दातांची कडा असते. धागेवाल्या जातींत त्या दातांच्या जागी शिंगासारख्या कठीण पदार्थाची एक अरुंद, सलग पट्टी असते. कोवळे पान मधल्या कोंबातून बाहेर पडून रुंदावू लागले की ही ताठर पट्टी त्याच्याबरोबर ताणली जात नाही, ती कडेपासून उकलते आणि ठिकठिकाणी सुटून वळते. हातात भिंग घेऊन एखादे मध्यम वयाचे पान पाहिले, तर कुठे पट्टी अजून चिकटलेली, कुठे अर्धवट सोललेली आणि कुठे पूर्ण सुटून लोंबणारी अशा तिन्ही अवस्था एकाच काठावर दिसू शकतात. धागा हे पानाच्या वाढीने मागे ठेवलेले चिन्ह आहे.

पानावरच्या पांढऱ्या रेघांचा उगमही याच कोंबात आहे. न उमललेली पाने तेथे एकमेकांना इतकी घट्ट बिलगून असतात की शेजारच्या पानाच्या कडेचा ठसा प्रत्येक पानावर कायमचा उमटतो, आणि पान मोठे झाले तरी तो पांढऱ्या रेषेच्या रूपाने उरतो. राणी व्हिक्टोरियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अगेव्ह व्हिक्टोरिए-रेजिने या जातीवर अशा रेघा ठळक असतात, मात्र धागे नसतात. म्हणून नुसत्या रेघा पाहून ती धागेवाली ठरवणे चुकीचे होय.

या गटातील सर्वांत परिचित जात अगेव्ह फिलिफेरा असून तिच्या नावाचाच अर्थ ‘धागे धारण करणारी’ असा आहे. जर्मन वनस्पतिज्ञ साल्म-डिक यांनी १८३४ मध्ये तिचे वर्णन केले. तिची पाने साधारण १५ ते ३० सेंटिमीटर लांब, जाड व ताठ असतात, त्यांवर ठशांच्या रेघा स्पष्ट दिसतात आणि बुंध्याशी मुनवे, म्हणजे पिल्ले, भरपूर फुटतात. तिच्याशी नेहमी गल्लत होणारी शिडिगेरा अधिक लांब व पातळ पानांची असते, तिचे पान मध्याच्या आसपास सर्वाधिक रुंद असते, धागे रुंद व ढलप्यांसारखे सुटतात आणि ती बहुधा एकटीच वाढते. काही वनस्पतिज्ञ तिला फिलिफेराचाच एक प्रकार मानतात, त्यामुळे रोपवाटिकेतल्या पाट्यांवर दोन्ही नावे उलटसुलट आढळतात. जेमिनिफ्लोराची पाने जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर रुंद, गवतासारखी लवचिक आणि संख्येने शंभराहून अधिक असू शकतात. फुले जोडीने येतात म्हणून तिचे नाव ‘जुळ्या फुलांची’ असे पडले. पार्व्हिफ्लोरा ही अ‍ॅरिझोना व सोनोरा भागातील बुटकी जात असून तिच्या पानांच्या तळाशी बारीक दात आणि वर धागे असतात. याच गटातील पॉलिअँथिफ्लोरा या जातीच्या नावाचा अर्थ ‘निशिगंधासारख्या फुलांची’ असा आहे. गंमत अशी की डीएनएच्या अभ्यासानंतर आता खुद्द निशिगंधालाही वनस्पतिशास्त्राने अगेव्ह प्रजातीतच स्थान दिले आहे.

अमेरिकन संशोधक हॉवर्ड स्कॉट जेंट्री यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रजातीची जी मांडणी केली, तीत धागेवाल्या जाती लिटिआ या विभागात येतात. या विभागाचा फुलोरा एका सरळ, फांद्या नसलेल्या दांड्यावर कणसासारखा येतो, तर बांधावरच्या घायपातीचा फुलोरा झुंबरासारखा फांद्या काढतो. युक्का या नातेवाईक वनस्पतीच्या एका जातीच्या पानांनाही धागे असतात, पण तिची फुले पांढरी व घंटेसारखी लोंबती असून तेच झाड पुन्हा पुन्हा फुलते; घायपातीचे प्रत्येक पर्णचक्र, म्हणजे जमिनीलगतची पानांची गोल मांडणी, एकदाच फुलते आणि त्यानंतर वाळते.

ही झाडे भारतात वाढवताना खरा प्रश्न उष्णतेपेक्षा पावसाचा असतो, आणि त्यासाठी इरुंगाट्टुकोट्टैचे उदाहरण बोलके आहे. चेन्नईच्या पश्चिमेस बंगळूरुकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे असलेले हे गाव औद्योगिक वसाहत, ह्युंदाईचा मोटार कारखाना आणि मोटारशर्यतींचा मार्ग यांमुळे परिचित आहे. चेन्नई परिसरात वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात येतो. १ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत चेन्नईजवळच्या तांबरम येथे चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली, आणि ज्या चेंबरंबाक्कम तलावाचे पाणी त्या वेळी अड्यार नदीत सोडावे लागले तो तलाव इरुंगाट्टुकोट्टैच्या जवळच आहे. कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या झाडाच्या मुळांना अशा ओलीची सवय नसते. तमिळमध्ये मोठ्या घायपातीला आनै-कट्राळै, म्हणजे ‘हत्तीची कोरफड’, म्हणतात. ती उघड्यावर तग धरते, पण तिच्या या नाजूक बहिणींना आडोसा लागतो.

म्हणून महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त या पट्ट्यात आलेल्या बागप्रेमी कुटुंबाने आपले वेळापत्रक बदलणे आवश्यक ठरते. पुण्यात कुंड्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत छपराखाली ठेवाव्या लागतात, तर येथे त्या ऑक्टोबरच्या मध्याला आत घेऊन जानेवारीत पुन्हा उन्हात काढणे श्रेयस्कर. कुंडी बदलण्याचे काम पुण्यात पावसाळा संपल्यावर आणि येथे जानेवारी-फेब्रुवारीत करावे, कारण तुटलेली मुळे कोरड्या हवेत लवकर भरून येतात. कुंडी पसरट आणि तळाला मोठी भोके असलेली असावी. मिश्रणात निम्म्याहून अधिक बारीक खडी, जाड वाळू आणि विटांचे चुरलेले तुकडे असावेत आणि माती व कुजलेले खत अगदी थोडे. पाणी दिल्यावर ते काही क्षणांत तळातून वाहून गेले नाही, तर मिश्रण बदलणे योग्य. पुढचे पाणी बोटभर खोलीपर्यंत माती कोरडी झाल्यावरच द्यावे.

घायपात आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची श्वसनछिद्रे, दिवसा मिटून रात्री उघडते, त्यामुळे पाण्याची बचत होते. मात्र या व्यवस्थेला थंड रात्री मानवतात. चेन्नईच्या उकाड्याच्या, दमट रात्री तिला फारशा अनुकूल नसतात, म्हणून मे महिन्यात खताची घाई करू नये आणि दुपारच्या उन्हात हलकी सावली द्यावी. इतर वेळी मात्र भरपूर ऊन हवे, नाहीतर पाने लांबून मांडणी विसकटते. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड लपतात. मुळाशीही पांढरा भुसा दिसल्यास झाड उपटून धुवावे, मुळे वाळवावीत आणि नव्या मिश्रणात लावावे. रस अंगाला लागल्यास खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत, आणि घरात लहान मुले असल्यास पानांच्या टोकाची सुई कापून टाकावी.

फिलिफेराचे मुनवे मुळांसह वेगळे करून, जखम आठवडाभर सुकवून लावता येतात. शिडिगेरा व जेमिनिफ्लोरा बहुधा मुनवे देत नाहीत, म्हणून त्यांची रोपे सहसा बियांपासून तयार होतात. पार्व्हिफ्लोरा ही वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील १९७३ च्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून उपटून आणलेल्या तिच्या रोपांच्या व्यापाराला मनाई आहे. ती घ्यायची झाल्यास रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलीच घ्यावी. एक जपणूक अगदी साधी आहे: सुटलेले धागे कचरा समजून ओढून काढू नयेत. वाळून कुरळे झालेले ते पट्टे पानाच्या वाढीचा लेखा आहेत, आणि पाटीवरचे नाव पुसले गेले तरी झाडाची ओळख त्यांच्यात टिकून राहते.